वही कोणाची, वाचणार कोण?

१८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे व वह्या हस्तगत करून जाळल्या. व्याजाचा जाच हें कारण होतेंच. पण ज्या वहींत आपलें कर्ज मांडलेलें आहे, ती बहुतेक ऋणकोंस वाचतां येत नव्हती, हेंही दुःख त्यामागें होतें. पुढें १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्यानें पावती, हिशेबाचा वार्षिक उतारा व पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्यास दिला.

आज स्थिति निराळी आहे. वही आपली आहे व आपणांस वाचतांही येतें; पण ती वाचली जात नाहीं. बाजारांतील पट्ट्या, खतांचीं व औषधांचीं बिलें, मजुरी, डिझेल, सोसायटीचें कर्ज यांच्या नोंदी संगणकांत पडून असतात. कांद्यास एकरीं खर्च किती आला आणि हमाली, तोलाई व भाडें वजा जातां हातीं काय उरलें, या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं मात्र वर्षअखेरची वाट पाहावी लागते.

हल्लीं या नोंदी कृत्रिम बुद्धीच्या मदतनिसास जोडून साध्या मराठींत प्रश्न विचारण्याची सोय झाली आहे. २०२४ च्या नोव्हेंबरांत अँथ्रॉपिक कंपनीनें 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही खुली पद्धति प्रसिद्ध केली. तीमुळें अशी जोडणी अधिक सोपी झाली. मदतनीस आपला प्रश्न संगणकास कळेल अशा रीतीनें मांडतो, कोष्टकांतील हव्या त्या ओळी काढतो, हिशेब करतो आणि निष्कर्ष वाक्यांत सांगतो. या सोयीचा लाभ आपल्या मंडळींनीं अवश्य घ्यावा, असें आमचें मत आहे.

मात्र वहींत जें लिहिलें आहे तेवढेंच हा मदतनीस जाणतो. एके ठिकाणीं २० गोण्या व दुसरीकडे १० क्विंटल माल नोंदला असेल, तर ५० किलोंच्या गोणीप्रमाणें एकूण माल २० क्विंटल होतो. परंतु परिमाण लिहिलेलें नसल्यास तो बेधडक ३० सांगेल. घरच्या माणसांची मजुरी मांडली नाहीं, तर तोट्याचें पीकही नफ्याचें दिसेल, आणि पुढील हंगामीं आणखी दोन एकर त्याच पिकाखालीं जातील. शिवाय यंत्र स्वतःही चुकतें. नसलेला आकडाही तें तितक्याच सफाईनें सांगूं शकतें. म्हणून प्रत्येक उत्तर कोणत्या नोंदींवरून काढलें, हें त्यास विचारावें व दोनचार पट्ट्या स्वतः ताडून पाहाव्या.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कोणाजवळ किती माल आहे व कोणास पैशाची निकड आहे, हें ज्यास आधीं कळतें तोच भाव ठरवितो. सावकाराचें बळ बरेंचसें याच माहितींत होतें. ती आपण होऊन परक्याच्या हातीं दिली, तर दीडशें वर्षांनीं वही पुन्हां दुसऱ्याच्या घरीं गेली असें होईल. यास्तव जोडणी एकेकट्यानें न करतां संस्थेनें करावी. मदतनिसास नोंदी वाचण्याचा अधिकार असावा, बदलण्याचा नसावा. सभासदांच्या नांवांऐवजीं संस्थेचे गुप्त क्रमांक असावे. कंपनीनें नोंदींचा अन्य उपयोग करूं नये व मागतांच त्या पुसून टाकाव्या, हें करारांत लिहून घ्यावें. आणि हें सर्व सर्वसाधारण सभेच्या ठरावानेंच व्हावें.

इतकी खबरदारी घ्यावयाची तर जुनी चोपडीच बरी, असें कोणी म्हणतील. आम्हांस तें मान्य नाहीं. मोठा व्यापारी आकडे पाहून बोलतो व शेतकरी अंदाजानें बोलतो. त्या सौद्यांत कोण हरणार हें सांगावयास नको. येत्या खरिपापूर्वीं प्रत्येकानें निदान एका पिकाचा हिशेब, परिमाणांसह व घरच्या मजुरीसह, पुरता लिहून काढावा. प्रश्न विचारण्याची पाळी त्यानंतरची.