माळ रिकामा नाही, तिथे चंडोल राहतो

वन्यजीवांसाठी धोरण ठरवणाऱ्या, निधी देणाऱ्या आणि हौसेनं झाडं लावायला येणाऱ्या सर्वांस,



गंगेतल्या डॉल्फिनला 2009 साली राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. 2020च्या स्वातंत्र्यदिनी त्याच्यासाठी प्रकल्प जाहीर झाला आणि 2025 मध्ये नद्यांमधल्या डॉल्फिनची मोजदाद प्रसिद्ध झाली: 6,327. मनापासून आनंद झाला. तो जगलाच पाहिजे. डॉल्फिन वाचवायचा तर नदी वाचवावी लागते, हे तुम्हाला कळतं. मग कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावरचा चंडोल टिकायचा तर माळ राखावा लागतो, हे का पटत नाही?

आमचा तुरेवाला चंडोल फक्त भारतात सापडतो. कर्नल साइक्सनं 1832 साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली, तीत तो आहे. मातकट अंग, डोक्यावर टोकदार तुरा. गायला त्याला फांदी लागत नाही. नर आभाळात चढतो आणि तिथूनच गातो, मध्येच दुसऱ्या पाखरांचे आवाज काढतो. घरटं मात्र जमिनीवर, गवताच्या ठोंबाआड, बैलाच्या खुराच्या ठशाएवढ्या खळग्यात. पावसाच्या तोंडावर त्यात अंडी असतात आणि नेमकी तेव्हाच तुमची कुदळ येते.

2019 मध्ये राज्यानं 33 कोटी झाडांचा संकल्प सोडला. माळ दप्तरी पडीक, म्हणून चर खणा, गिरिपुष्प लावा, सुबाभूळ लावा! कुसळीला, पवन्याला दाट सावली सोसत नाही. गवत गेलं की चंडोल जातो. कुंपण पडलं की धनगराची मेंढरंही बाहेर. आणि हे सगळं पर्यावरणाच्या नावानं, याचंच जास्त लागतं. गंगेत भराव टाकून कुणी बाग फुलवली असती, तर तुम्ही गप्प बसला असता का?

चंडोल अजून धोक्याच्या यादीत नाही, हे तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. पण गवताळ माळांवरचे पक्षी झपाट्यानं घटताहेत, हे देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरच्या 2023च्या अहवालानं सांगितलंच आहे. माळढोक तर यादीत होता. त्याच्यासाठी 1979 मध्ये सोलापूर-नगरचं अभयारण्य झालं, आणि आज तो आमच्याकडे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. चंडोलाचं नावही यादीत चढायची वाट बघायची?

झाडं लावा, पण बांधावर, गावठाणात, ओढ्याकाठी. माळाची नोंद गवताळ माळ म्हणूनच करा. मेंढरांची चराई चालू ठेवा. आणि येत्या जूनमध्ये माळावर कुदळ मारण्याआधी गवताचे ठोंब वाकून बघा.

आपला,
कर्जत तालुक्यातला एक पक्षीमित्र