वाइनचा पेला, रजोनिवृत्ती आणि एक्कावन्न स्त्रिया

"रोज एक पेला रेड वाइन हृदयाला हितकर, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना" हे वाक्य मोबाइलच्या वाटेने कबनूर-इचलकरंजीच्या यंत्रमागांपर्यंतही पोहोचले आहे. या वाक्यालाही इतिहास आहे. माझे मत प्रारंभीच नोंदवतो: विज्ञानापेक्षा सबबीचा इतिहास त्यात अधिक आहे. (थ्रेड)

आरंभ आपल्याच प्रांतापासून करू. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा संमत झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी आली. या कायद्याची गंमत अशी की बंदीला वाट काढून दिली ती प्रकृतीने. 'आरोग्य राखण्यासाठी' परवाना मिळे. पुढे १९६० च्या दशकात बंदी सैल झाली, पण परवान्याची ती भाषा टिकली. आजही महाराष्ट्रात मद्यपानासाठी परवाना लागतो आणि पाच रुपयांत एका दिवसाचा परवाना मिळतो. आरोग्याच्या नावावर पेला उचलण्याची कला आपण फ्रेंचांकडून शिकलेलो नाही!

फ्रेंचांचा प्रवेश १९९१ सालचा. नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सर्ज रेनो या फ्रेंच संशोधकाने सांगितले की फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू कमी आहेत, आणि त्याचे श्रेय वाइनला असावे. हाच तो 'फ्रेंच विरोधाभास'. पाहता पाहता अमेरिकेत रेड वाइनची विक्री उसळली. पुरावा अजून वादात होता, पण बाजाराने निकाल देऊन टाकला.

स्त्रियांविषयीचा मुख्य आधार याच्याही आधीचा आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या विशाल अभ्यासातून १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ८७ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती होती. माफक मद्य घेणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळला. हा निष्कर्ष जगभर गाजला. मात्र त्याच परिचारिकांच्या माहितीवरून, त्याच नियतकालिकात, जेमतेम वर्षभर आधी आणखी एक निबंध आला होता: माफक मद्यानेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसतो. तो कोणाच्या जाहिरातीत कधी दिसला?

१९८८ मध्येच ब्रिटनमध्ये जेरी शेपर यांनी एक साधा प्रश्न विचारला. 'न पिणारे' म्हणून ज्यांची गणना होते, त्यांत आजारपणामुळे पिणे सोडलेले किती? असे आजारी लोक एका पारड्यात टाकले, की दुसऱ्या पारड्यातला माफक पिणारा आपोआप धडधाकट दिसू लागतो. साधनांची चिकित्सा म्हणतात ती हीच. बखर वाचताना लेखक कोणाच्या पदरी होता हे आपण विचारतो. आकड्यांनाही तोच प्रश्न विचारावा लागतो.

आता या विषयातले मला सर्वांत बोलके वाटणारे प्रकरण. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात रजोनिवृत्ती झालेल्या ५१ स्त्रियांवर नियंत्रित प्रयोग झाला. आहार मोजून मापून दिलेला. प्रत्येकीला आठ-आठ आठवड्यांच्या तीन टप्प्यांत दररोज शून्य, १५ आणि ३० ग्रॅम अल्कोहोल दिले गेले. पंधरा ग्रॅम म्हणजे साधारण एक पेला. पण द्राक्षाचा थेंबही नाही: अल्कोहोल संत्र्याच्या रसात मिसळले होते. २००२ साली निबंध आला की वाईट कोलेस्टेरॉल किंचित उतरले, ट्रायग्लिसराइड घटले. बातमी झाली! परंतु २००१ मध्येच याच ५१ स्त्रियांच्या रक्ताविषयी दुसरा निबंध प्रसिद्ध झाला होता. रोजच्या १५ ग्रॅमने त्यांच्या रक्तातील एका इस्ट्रोजेन संप्रेरकाची पातळी सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढली होती, ३० ग्रॅमने त्याहून अधिक. रजोनिवृत्तीनंतर असे संप्रेरक वाढणे स्तनाच्या कर्करोगाच्या धोक्याशी जोडले जाते. त्याच स्त्रिया, तोच पेला. अर्धेच वाक्य आपल्यापर्यंत आले.

इस्ट्रोजेनच्या मोहाचा असा अनुभव वैद्यकाला दुसऱ्या वाटेनेही आला. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकाच्या गोळ्या दिल्यास हृदय सुरक्षित राहील, अशी निरीक्षणांवरून दृढ समजूत होती. १६ हजारांहून अधिक स्त्रियांवरची संयुक्त गोळ्यांची चाचणी जुलै २००२ मध्ये मध्येच थांबवावी लागली. हृदयविकार, पक्षाघात व स्तनाचा कर्करोग वाढलेले दिसले. मद्याची तशी मोठी चाचणी पुढे आखली गेली खरी, पण खर्चाचा मोठा वाटा मद्य कंपन्यांचा होता. ते उघड झाल्यावर अमेरिकी आरोग्य संस्थेने जून २०१८ मध्ये ती बंद केली.

"मग आपले अर्जुनारिष्ट?" असे कोणी विचारेलच. त्यात अर्जुनसाल, मनुका, मोहाची फुले, गूळ, आणि आंबवण्यातून आपोआप तयार झालेले मद्य असते. पण ते चमच्याने घ्यायचे औषध आहे, आणि त्याच्या आडून वाइनचे समर्थन करणे हा शुद्ध वकिली कावा.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीला मान्यता दिली, तेव्हा "वाइन म्हणजे दारू नव्हे" असे सत्ताधाऱ्यांकडून सांगितले गेले. द्राक्ष उत्पादकांचे हित हा मुद्दा मला मान्य आहे, त्यावर चर्चा व्हावी. स्त्रियांचे हृदय मात्र त्या वादात ओढू नये. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नसल्याचे म्हटले आहे, आणि त्यात वाइनला सूट नाही.

याच महाराष्ट्रात २००८ च्या नियमानुसार गावातील पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली, तर दारूदुकानावर मतदान होते. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडली, तर दुकान बंद होते. भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येते, पाश्चात्य स्त्रीहून चार-पाच वर्षे आधी. म्हणजे त्या रांगेत उभ्या असलेल्या कित्येक जणी या थ्रेडमधल्याच वयाच्या. त्यांचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला, हे आपापल्या घरी विचारून खाली लिहा.