सिनेमा बघून भोवळ आली, म्हणजे सिनेमा भारी?

‘टेरिफायर ३’ हा अमेरिकन भयपट ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक डेमियन लिओन. आर्ट नावाचा, तोंडातून एक शब्दही न काढणारा विदूषक यात नाताळच्या दिवसांत सांताक्लॉजचा वेश चढवतो आणि माणसे कापत सुटतो. या प्रकारच्या सिनेमांना ‘स्लॅशर’ म्हणतात. सिनेमा सुमारे २० लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि पहिल्याच आठवड्याच्या शेवटी अमेरिकेत तिकीटबारीवर पहिला आला.

सिनेमा कसा आहे हे सांगणे माझे काम नाही. पण तो बघितलेल्यांची मते वाचली की त्यात तीन वाक्ये वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा भेटतात.

पहिले: “लोकांना चक्कर आली, उलट्या झाल्या, म्हणजे सिनेमा जबरदस्त!”

दुसरे: “मी तर पॉपकॉर्न खात बघितला. उठून गेले ते घाबरट.”

तिसरे: “असले बघून ज्यांना मजा येते त्यांच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे.”

कथा पातळ आहे, सिनेमा लांबला आहे, मेकअपची करामत अप्रतिम आहे, हिंसा अति झाली आहे, ही मते सिनेमाबद्दल आहेत. ती ज्याची त्याला लखलाभ. पण वरची तीन मते सिनेमाबद्दल नाहीत, माणसाच्या शरीराबद्दल आणि मनाबद्दल आहेत. माझ्या मते ती तिन्ही चुकीची आहेत, आणि त्यांच्यामुळे लोकांचे नुकसान होते.

भोवळ येते म्हणजे नेमके काय होते?

याच मालिकेचा दुसरा भाग २०२२ मध्ये आला, तेव्हा थिएटरमध्ये प्रेक्षक बेशुद्ध पडल्याच्या बातम्या आल्या होत्या. तिसऱ्या भागाच्या वेळी इंग्लंडमधल्या एका खेळातून सुरुवातीलाच काही जण बाहेर पडले, एकाला उलटी झाली, असे छापून आले. अशा बातम्यांनी तिकिटे खपतात, हे १९७३ मधल्या ‘द एक्झॉर्सिस्ट’पासून सगळ्यांना माहीत आहे. तरीही त्या खोट्याच असतील असे मी म्हणणार नाही. रक्त बघून भोवळ येणे ही अगदी खरी आणि नेहमी घडणारी गोष्ट आहे.

एरवी आपण घाबरतो तेव्हा हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब वाढतो, शरीर पळायच्या तयारीत येते. साप दिसला म्हणून सहसा कोणी बेशुद्ध पडत नाही. रक्त, जखम किंवा सुई बघितल्यावर मात्र काही जणांच्या शरीरात दोन टप्पे दिसतात. आधी ठोके आणि रक्तदाब वाढतात. मग अचानक गाडी उलटी फिरते. ‘व्हेगस’ नावाची मज्जातंतूची एक मोठी दोरी मेंदूपासून छातीपोटापर्यंत जाते, ती हृदयाला ‘हळू’ असा हुकूम देते. त्याच वेळी पायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साचते, मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडते. आधी मळमळ, गार घाम, कानात गुणगुण, डोळ्यांपुढे अंधारी आणि मग भोवळ. आडवे झाले की मेंदूला पुन्हा रक्त मिळते आणि माणूस मिनिटभरात शुद्धीवर येतो.

या सगळ्यात तुमच्या इच्छेचा काही भाग नाही. शिंक जशी ठरवून येत नाही, तशीच ही भोवळ.

मग यात घाबरटपणा कुठे आला?

रक्त, जखम, सुई यांची तीव्र भीती शंभरात साधारण तीन-चार जणांना असते. बऱ्याचदा ती घराण्यात चालत येते. वडिलांना इंजेक्शन घेताना घेरी येत असेल, तर मुलालाही येऊ शकते. हीच माणसे अंधारात एकटी फिरतील, विहिरीत उडी मारतील, मॅरेथॉन पळतील. पहिल्यांदा शस्त्रक्रिया बघायला उभे राहिलेले काही वैद्यकीय विद्यार्थीही खाली बसतात, आणि पुढे त्यांच्यातूनच उत्तम सर्जन तयार होतात.

“उठून गेले ते घाबरट” या वाक्याने होणारे नुकसान आम्हा डॉक्टरांना दवाखान्यात दिसते. मित्रांनी हसून घेतलेला मुलगा पुढे रक्त तपासायलाच जात नाही. चाळिशीत साखर वाढलेली असते, पण सुईच्या धास्तीने तपासणी वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते, लस राहते, दाताचे काम राहते. कारण विचारले तर “वेळ मिळाला नाही” म्हणतात. खरे कारण लाज असते. ही लाज आपण दिलेली असते, तीसुद्धा चेष्टेत.

जो मळमळू लागल्यावर वेळीच उठून बाहेर गेला, त्याने वैद्यकीय दृष्टीने शहाणपणाच केला. खुर्चीत ताठ बसून राहिलेल्याला मेंदूला रक्त मिळणे अवघड जाते आणि पडताना डोके आपटायचा धोका असतो.

आणि ज्यांना मजा येते ते?

भीतीने रक्त गोठले, असे आपण म्हणतो. नेदरलँड्समधल्या लायडन येथील डॉक्टरांनी हा वाक्प्रचार तपासून बघितला. २४ निरोगी तरुणांना एक भयपट आणि एक साधा माहितीपट दाखवून दोन्हींच्या आधी आणि नंतर त्यांचे रक्त तपासले. रक्त गोठायला मदत करणारा ‘फॅक्टर आठ’ हा घटक भयपटाच्या वेळी अधिक जणांत वाढलेला आढळला. प्रत्यक्षात गुठळी होण्याची चिन्हे मात्र कोणातही नव्हती. हा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या २०१५ च्या नाताळ अंकात आला. हे नियतकालिक दर नाताळला थोडे गमतीचे पण खरे संशोधन छापते.

म्हणजे पडद्यावरचे रक्त खोटे असले तरी शरीर काही अंशी ते खरे मानते. पण त्याच वेळी मेंदूचा दुसरा भाग सांगत असतो, “अरे, हा मेकअप आहे, आपण खुर्चीत सुरक्षित आहोत.” हा दुसरा आवाज पुरेसा मोठा असेल, तर उसळलेल्या ॲड्रेनालिनची मजा वाटते आणि संपल्यावर हलके वाटते. जत्रेतल्या आकाशपाळण्यातून उतरल्यावर हसू येते, तसेच. कोविडच्या काळात झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भयपटांच्या चाहत्यांना मानसिक त्रास तुलनेने कमी जाणवल्याचे दिसले. भयपटांमुळेच तसे झाले हे त्यातून सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवा. पण भयपट आवडणे म्हणजे मनाचा आजार नव्हे, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. तुमचा मुलगा किंवा सून असले सिनेमे बघते म्हणून तिच्या स्वभावावर शिक्का मारू नका.

माझा आक्षेप एकाच ठिकाणी आहे

तो आहे लहान मुलांबाबत. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये हा सिनेमा १८ वर्षांखालील मुलांना बघायची परवानगी नाही. पण मोबाइलला दारावर उभा राहणारा माणूस नसतो. अख्खा सिनेमा नाही, तरी त्याचे तुकडे मुलांपर्यंत पोहोचतात. मोठा दादा “बघ, किती मस्त” म्हणून दाखवतो.

वर सांगितलेला तो दुसरा आवाज, “हे खोटे आहे” म्हणणारा, लहान मुलांत पुरेसा तयार झालेला नसतो. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मूल जे दिसते ते खरे धरते. त्यात इथे सांताक्लॉज आहे. आपल्याकडच्या बालवाडीतही डिसेंबरमध्ये चॉकलेट वाटायला येणारा तोच लाल कपड्यांचा आजोबा. ज्या चेहऱ्यावर मूल विश्वास ठेवते, त्याच्याच हातात कुऱ्हाड दिसली, तर “तो खोटा होता” हे सांगून रात्रीची झोप परत येत नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक अभ्यास झाला. लहानपणी किंवा किशोरवयात पडद्यावर बघितलेल्या एखाद्या भीतिदायक दृश्याचा परिणाम त्यांच्यापैकी सुमारे चौथ्या भागाला तेव्हाही जाणवत होता.

तुमच्या मुलाने असे काही बघितले असेल, तर रागावू नका आणि “त्यात काय घाबरायचे?” असेही म्हणू नका. त्याला काय दिसले ते त्याच्या शब्दांत सांगू द्या. काही दिवस रात्री जवळ झोपा, दिवा ठेवा. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप, भूक, शाळा यांवर परिणाम राहिला तर डॉक्टरांना भेटा.

मोठ्यांपैकीही ज्यांनी अपघात, मारहाण किंवा हिंसा स्वतः सोसली आहे, त्यांना अशा सिनेमाचा आग्रह करू नका. गंमत अशी, की याच सिनेमाची नायिका सिएना ही आधीच्या हत्याकांडातून वाचलेली आणि त्या आठवणींनी पछाडलेली मुलगी दाखवली आहे. निदान तिच्याकडे बघून तरी आपल्या शेजारी बसलेल्याचा विचार व्हावा.

भोवळ येईल असे वाटले तर

पडद्यावरून नजर काढा. डोळे मिटले तरी चालेल, तिकिटाचे पैसे वसूल व्हायलाच हवेत असे नाही.

हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळा, चेहऱ्याला ऊब जाणवली की सैल सोडा. अर्ध्या मिनिटाने पुन्हा करा, असे पाच वेळा. यामुळे रक्तदाब टिकून राहतो. लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांची ही पद्धत आहे, आणि रक्त तपासायला देतानाही ती तितकीच उपयोगी पडते.

शेजारचा माणूस पडलाच तर त्याला आडवे करा, पाय थोडे उंच धरा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. लगेच उठवून उभे करू नका. मिनिटभरात शुद्ध आली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. श्वास चालत नसेल किंवा नीट नसेल तर थांबूच नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि छाती दाबणे सुरू करा.

“सिनेमामुळेच झाले” असे धरून चालू नका

“लोकांना चक्कर आली, म्हणजे सिनेमा जबरदस्त” या पहिल्या वाक्याचा खरा धोका इथे आहे. प्रत्येक भोवळ सिनेमाच्या खात्यावर टाकली, तर एखादा हृदयाचा आजार नजरेतून सुटू शकतो. पुढीलपैकी काही असेल तर ईसीजी काढून घ्या:

• मळमळ, घाम अशी कोणतीही सूचना न मिळता एकदम कोसळणे
• आधी छातीत दुखणे किंवा धडधडणे
• धावताना, जिने चढताना शुद्ध हरपणे
• अचानक मोठा आवाज झाल्यावर बेशुद्ध पडणे. हृदयाच्या विद्युत प्रवाहात जन्मजात दोष असलेल्या काही जणांत असे होते, आणि भयपटात असे आवाज पावलोपावली असतात.
• घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे

झटके आले, जीभ चावली गेली किंवा शुद्धीवर आल्यावरही बराच वेळ गोंधळलेपण राहिले, तर फिट्सची शक्यताही तपासावी लागते.

तेव्हा सिनेमा आवडला तर आवडला म्हणा, टाकाऊ वाटला तर टाकाऊ म्हणा. पण कोणाला भोवळ आली यावरून सिनेमाची किंमत ठरवू नका, आणि कोण टिकून बसला यावरून माणसाची तर नकोच नको. आणि सुईच्या भीतीने एखादी तपासणी टाळत असाल, तर पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांना तसे सरळ सांगा. आम्ही तुम्हाला झोपवून रक्त घेऊ. त्यात कमीपणा काहीच नाही.