वाटाड्या कुत्रा आणि मालकाची पळवाट

कायद्याने दिलेला हक्क रस्त्याच्या कडेला कसा हिरावला जातो, हे सॅन फ्रान्सिस्को येथील एका प्रकरणात स्पष्ट दिसून आले. वाटाड्या कुत्र्याच्या साहाय्याने वावरणाऱ्या एका अंध स्त्रीस उबर कंपनीच्या मोटारचालकांनी एकदा नव्हे, १४ वेळा नाकारले. कामावर वारंवार उशीर झाल्यामुळे नोकरी गमावण्याची पाळी आली, अशी तिची तक्रार होती.

अमेरिकेच्या १९९० च्या अपंगविषयक कायद्यानुसार असा नकार बेकायदा आहे. चालकास दोनच प्रश्न विचारता येतात : अपंगत्वामुळे कुत्रा आवश्यक आहे काय, आणि त्यास कोणते काम शिकविले आहे? दाखला मागता येत नाही, जादा भाडे घेता येत नाही, भीतीची किंवा ॲलर्जीची सबब चालत नाही. कारण हा हक्क कुत्र्याचा नव्हे, माणसाचा आहे. घटनाशास्त्राचे अंध अभ्यासक जेकोबस टेनब्रोक यांनी १९६६ सालीच हे बजावले होते. अंधांना आश्रमात सांभाळण्याची दया पुरे झाली, रस्ता त्यांचाही आहे हे कायद्याने गृहीत धरले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

कंपनीचा बचाव मासलेवाईक होता. चालक हे आमचे नोकर नव्हेत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत. सबब त्यांच्या वर्तनास आम्ही जबाबदार नाही! २०२१ साली लवादाने हा बचाव फेटाळून ११ लाख डॉलर देवविले. त्यांपैकी ८ लाखांहून अधिक रक्कम वकिली व दाव्याच्या खर्चाची होती. न्यायाची ही किंमत किती अंधांस परवडेल? चालकांना कायद्याची समज देण्याचे कंपनीने २०१६ च्या तडजोडीतच कबूल केले होते. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये खुद्द अमेरिकी न्याय खात्याला तिच्यावर दावा गुदरावा लागला.

चालकाचा नकार क्षम्य नाही. परंतु गाडीतील केस झाडण्यात गेलेल्या वेळेची मजुरी त्यास कोण देतो? भाडे ठरविताना कंपनी मालक असते, जबाबदारीची वेळ आली की ती केवळ मध्यस्थ होते. नाकारलेला अंध आणि नाडलेला श्रमिक यांना एकमेकांसमोर उभे करून ती नामानिराळी राहते.

मुंबई-पुण्यातही चालकास ‘पार्टनर’ म्हणण्याची हीच रीत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ‘गिग’ कामगाराची व्याख्या पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरच केली आहे. तेव्हा चालकांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रात किमान दराच्या मागणीशेजारीच आणखी एक कलम घालावे : अपंग उतारूस नेण्यात जाणाऱ्या जादा वेळेचा मोबदला कंपनीने द्यावा, उतारूकडून तो घेऊ नये, आणि नकाराबद्दल चालकाबरोबर कंपनीलाही जबाबदार धरावे. त्याचा मसुदा अंधांच्या संघटनांना सोबत घेऊनच व्हावा.