दोघं एकदम बोलले तर?

मित्रांनो, फोनवर असं कधी झालंय का? दोघंही एकदम म्हणतात, "अरे, ऐक ना!" मग दोघंही गप्प. मग पुन्हा दोघंही एकदम, "बरं, तू बोल!" हसू येतं, पण बोलायचं ते राहूनच जातं. आता बोलणारे दोन नाहीत, वीस आहेत असं समजा. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, संगणकाचे संदेश रेडिओवरून धाडतात तेव्हा नेमका हाच घोटाळा होतो.

लांब संदेशाचे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि एकेक पाकीट हवेत सोडायचं, हा झाला पॅकेट रेडिओ. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या हॅम मंडळींनी १९७८ साली तो प्रथम करून पाहिला. वेग बेताचाच, बहुधा सेकंदाला १२०० बिट. म्हणजे २५६ अक्षरांच्या पाकिटाला जवळजवळ पावणेदोन सेकंद लागणार. तेवढ्यात दुसऱ्या कुणी पाकीट सोडलं, की झाली टक्कर! दोन्ही वाया. आणि पाठवणाऱ्याला पत्ताच नाही, कारण त्याचा रेडिओ बोलत असताना ऐकू शकत नाही. पलीकडून 'पोच' आली नाही, की समजायचं, बिनसलं.

तुम्ही म्हणाल, "मग आधी ऐकावं आणि वाट मोकळी झाली की बोलावं!" अहो, ऐकतातच की. पण एसटीतून शेवटचा माणूस उतरला की दारात काय होतं? थांबलेले सगळे एकदम घुसतात. इथंही तेच. शिवाय डोंगराच्या अलीकडचा आणि पलीकडचा एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. डोंगरमाथ्यावरच्या केंद्राला मात्र दोघंही एकदम ऐकू येतात.

यावरची युक्ती हवाई बेटांवरून आली. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली 'अलोहा' नावाचं रेडिओ-जाळं सुरू केलं. टक्कर झाली तर प्रत्येकानं थांबायचं, पण किती वेळ, ते नशिबावर सोडायचं! दोघं सारखाच वेळ थांबले, तर पुन्हा टक्कर ठरलेलीच.

हॅम लोकांनी पुढे हे नशीब आकड्यात बसवलं. १९८७ च्या 'किस' नावाच्या नियमावलीत (हा बटाट्याचा कीस नव्हे!) सुचवलेला आकडा असा : वाट मोकळी दिसली तरी चारांत एकदाच बोलायचं, नाहीतर सेकंदाचा दहावा भाग थांबून पुन्हा नशीब अजमावायचं.

घरी करून बघा. दोघांनी प्रत्येकी दोन नाणी घ्या आणि एकदम उडवा. ज्याचे दोन्ही छापे पडतील तो बोलेल. सोळा डावांत साधारण नऊ वेळा कुणीच बोलणार नाही, सहा वेळा एकटाच बोलेल आणि टक्कर होईल एकदाच. आता दहा जण जमवा. लगेच गोंधळ! म्हणून गर्दी वाढली, की बोलायची संधी कमी घ्यावी लागते.

खरी कसोटी मात्र पुढे आहे. पोच येईपर्यंत धीर किती धरायचा? समजा, पाकीट पोचलंय, पोच वाटेत आहे, पण तुम्ही घाई करून तेच पुन्हा सोडलंत. वाट आणखी तुंबली, पोच आणखी उशिरा, म्हणून पुन्हा धाडलं... असे चार उतावळे जमले, की कुणाचंच काही पोचत नाही. म्हणून दर खेपेला थांबायचा वेळ दुप्पट करतात.

त्यातही एक मेख होती. दोनदा धाडल्यावर आलेली पोच पहिल्याची की दुसऱ्याची? ते न कळता वेळ मोजला, तर हिशेब चुकणार. अमेरिकेतले एक हॅम फिल कार्न यांनी क्रेग पार्ट्रिज यांच्यासह १९८७ साली उपाय मांडला : अशी पोच वेळ मोजण्यासाठी धरायचीच नाही! आणि एकदाच धाडलेल्या पाकिटाची पोच मिळेपर्यंत वाढवलेला धीर तसाच ठेवायचा. इंटरनेटवरचे संगणक आजही हा नियम पाळतात.