आकाशातील पंक्तिभेद

वेरूळच्या पाचव्या क्रमांकाच्या लेण्यात दोन लांब, बुटके दगडी बाक समांतर रेषेत गेलेले आहेत. सुमारे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू तेथे ओळीने बसून भोजन किंवा पठण करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्या बाकांवर पहिल्या प्रतीची जागा कोणती आणि दुसऱ्या प्रतीची कोणती, याची खूण नाही. हे लेणे पाहून छत्रपती संभाजीनगरला परतणारा प्रवासी जेव्हा चिकलठाणा विमानतळावरून सुटणाऱ्या विमानाचे तिकीट काढू लागतो, तेव्हा त्याच्यासमोर आसनांचा नकाशा उघडतो. त्या नकाशातील बहुतेक चौकोनांवर मात्र किंमत छापलेली असते.

खिडकीजवळच्या जागेचा दर एक, वाटेकडेच्या जागेचा दुसरा, पुढच्या रांगांचा व पाय पसरता येणाऱ्या जागेचा त्याहून चढा. प्रवासाचे भाडे यापूर्वीच भरलेले असते. हे पैसे बसण्याच्या जागेचे. जादा रक्कम न देणाऱ्यालाही जागा मिळते, हे खरे. परंतु ती कोणती, हे कंपनीचा संगणक ठरवितो. मग मुंबईच्या इस्पितळात उपचारासाठी निघालेली सत्तरीची म्हातारी पुढे आणि तिला सोबत करणारा मुलगा दहा रांगा मागे, असा प्रसंग ओढवतो. तो टाळायचा असेल तर पैसे मोजावे लागतात. म्हणजे येथे आसनापेक्षा सोबत विकली जाते. आणि ज्याला सोबतीची गरज सर्वांत अधिक, तोच या बाजारातील हुकमी गिऱ्हाईक ठरतो.

ही व्यवस्था आपोआप उगवलेली नाही. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झालेली विमान वाहतूक १९९४ मध्ये कायदा रद्द करून खासगी भांडवलाला पुरती मोकळी करण्यात आली. २०१३ मध्ये पसंतीच्या आसनासारख्या सेवा भाड्यापासून वेगळ्या काढून त्यांचे शुल्क घेण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोने घरबसल्या आगाऊ चेक-इन करताना निवडलेल्या प्रत्येक आसनाला शुल्क लावले, तेव्हा लोकांत संताप उसळला आणि मंत्रालयाला फेरविचाराची भाषा करावी लागली. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच आरक्षणात प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा देण्याचा आदेश काढला. आदेश स्वागतार्ह होता, पण तो मुलांपुरता होता. शिवाय त्याने एक गोष्ट सिद्ध केली : सरकारने ठरविले तर संगणक माणसांना एकत्र बसवू शकतो.

कंपन्यांचा युक्तिवाद असा की, ज्याला निवड हवी त्याने तिची किंमत द्यावी; त्यामुळेच इतरांचे भाडे स्वस्त राहते. पाय पसरण्याच्या जादा जागेसाठी जादा पैसे मागितले तर ते समजू शकते, कारण त्या जागेपायी एखादे आसन कमी बसवावे लागते. परंतु आईशेजारी मुलाला बसविण्यासाठी कंपनीचा कोणता खर्च वाढतो? ज्याला खर्च नाही त्याची किंमत वसूल करणे याला व्यापार म्हणत नाहीत, अडवणूक म्हणतात.

विमान ही श्रीमंतांची चैन, तिच्याशी समाजवाद्यांना काय कर्तव्य, असेही विचारले जाईल. हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसविण्याची घोषणा करीत २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘उडान’ योजना आणली. आज विमानात आखाताकडे निघालेला मजूर असतो, परीक्षेला निघालेला विद्यार्थी असतो, रुग्ण असतो. ज्याला विमानात बसविण्याची ग्वाही दिली, त्याला कोणाशेजारी बसवावे हा प्रश्न मात्र बाजारावर सोडून दिला जातो. शिवाय आकाशात रुळलेली रीत जमिनीवर उतरण्यास वेळ लागत नाही. आज आसनाचे तुकडे पाडून विकले जातात. उद्या हाच न्याय इस्पितळाच्या खाटेला आणि शाळेच्या बाकाला लागेल.

याच देशात दुसरी परंपराही आहे. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या बसविल्या. वरच्या वर्गाची गादी काढून घेण्यापेक्षा खालच्या वर्गाला ती मिळवून देणे, ही त्यामागील दृष्टी होती. आजही रेल्वेच्या आरक्षणात वृद्धांना आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना, जागा शिल्लक असेल तर, खालचा बर्थ देण्याची तरतूद आहे. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. गरज पाहून जागा देणे व्यवहारात शक्य आहे, याला आणखी कोणता पुरावा हवा?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. भाड्यात आसन अंतर्भूत असलेच पाहिजे. एका आरक्षणातील वृद्ध, अपंग, आजारी व्यक्ती आणि त्यांचे सोबती यांना शेजारी बसण्याचा हक्क कायद्याने मिळाला पाहिजे. मंत्रालयाच्या बदलत्या परिपत्रकांवर तो अवलंबून राहता कामा नये. विनाशुल्क जागा कोणत्या, हे तिकीट काढतानाच प्रवाशाला ठळकपणे दिसले पाहिजे. कार्यकर्त्यांनी ग्राहक पंचायतींच्या साहाय्याने असे अनुभव लेखी नोंदवावेत, खासदारांकडे पोचवावेत. आणि गावातून प्रथमच विमानाने निघालेल्याला तिकीट काढून देताना, आसनाचे पैसे भरणे सक्तीचे नाही, एवढे तरी आवर्जून सांगावे. भोजनाच्या पंगतीतील भेद मोडण्यासाठी महाराष्ट्राने दीर्घ लढा दिला आहे. तोच भेद तिकिटाच्या नकाशातून परत येत असेल, तर त्याकडे काणाडोळा करणे त्या लढ्याच्या वारसांना शोभणारे नाही.