पद्मिनीच्या रूपाचे पोवाडे

वीस वर्षांची वयोमर्यादा भरून ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली, आणि आमच्या सुशिक्षित वर्गात तिच्या रूपाचे पोवाडे गाण्याची जणू साथच आली. तिच्या गोल दिव्यांत म्हणे डोळ्यांचे भाव होते, जुनी गाडी दुरून ओळखू येई. आजच्या गाड्या म्हणजे एकाच साच्यातून काढलेल्या साबणाच्या वड्या! यातला शेवटचा आक्षेप अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. वाऱ्याचा रोध कमी करण्याचे गणित आणि पादचाऱ्याला कमी इजा व्हावी म्हणून केलेले नियम सर्वांना सारखेच. तेव्हा उत्तरेही पुष्कळशी सारखी येणारच. परंतु पूर्वी रस्त्यावर वैचित्र्य नांदत होते, हे या मंडळींना कोणी सांगितले?

1980 सालचा दादरचा कोणताही रस्ता आठवून पाहावा. पद्मिनी, तिच्यामागे अँबॅसडर, तिच्यामागे पुन्हा पद्मिनी! गाडी दुरून ओळखू येई, कारण ओळखावयाच्या गाड्याच मुळी दोन-तीन होत्या. याला वैशिष्ट्य म्हणावयाचे, तर रेशनच्या तांबड्या गव्हालाही ते नाव द्यावे लागेल.

बरे, ज्या रूपासाठी हे अश्रू, ते तरी कोणाचे? पद्मिनीच्या पाठीमागे पत्र्याचे दोन इवलेसे पंख उंचावलेले असत. त्यांचे मूळ अमेरिकेत आहे. 1948 च्या कॅडिलॅकला हार्ली अर्ल यांच्या हाताखालच्या मंडळींनी पी-38 या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून तसे पंख जोडले, आणि 1959 पर्यंत ते हास्यास्पद वाटावेत इतके वाढले. त्यांनी गाडी उडत नव्हती, की जलद धावत नव्हती. गेल्या वर्षीची गाडी शेजाऱ्यासमोर उभी करण्याची लाज वाटावी, एवढेच त्यांचे कार्य. त्या फॅशनची मवाळ आवृत्ती ट्यूरिनच्या फियाटने काढली व 1964 साली ती कुर्ल्याच्या कारखान्यात आली. इटलीने 1966 सालीच तो नमुना बदलला. आम्ही मात्र 1974 मध्ये त्याला राणीचे नाव देऊन शतक संपेपर्यंत तोच पत्रा ठोकीत राहिलो! यात सौंदर्यनिष्ठा कोठे आली? परवान्यांनी कोंडलेला बाजार आणि पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहणारे गिऱ्हाईक, हेच त्याचे कारण. डिसेंबर 1983 मध्ये मारुती आली तेव्हा तिच्यासाठी धावलेला वर्ग हाच, हे सांगावयास नकोच.

टॅक्सीवाल्याचे दुःख आम्ही या विलापात धरीत नाही. मे महिन्याच्या उन्हात त्या तापलेल्या पत्र्याखाली तो दिवस काढी, बिघाड झाल्यास रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून स्वतःच दुरुस्त करी; आतला झालरीचा पडदा, आरशाला टांगलेला हार, सीटवरचे फुलाफुलांचे कापड, हे सर्व त्याच्या पदरचे. पद्मिनीला चेहरा असलाच, तर तो या माणसाने दिला. मागल्या सीटवर बसून मीटरकडे डोळे लावणाऱ्या आमच्या रसिकाला तो तेव्हा दिसला नाही.

एक तरी गाडी जतन करून ठेवावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. ती मान्य झाली नाही. त्या अर्जाखाली सही करावयास या पोवाडेकारांपैकी कोणी गेल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.